मधल्या बारीक तारा

हे लिहायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. गिटारीला पिकअप कुठला बसवला, यावर कुणी गोष्ट लिहितं का? लिहायला घेतलं की स्वतःचंच हसू यायचं आणि फोन परत खिशात जायचा. सिर्गाकला विचाराल तर तो म्हणेल, "बसवला, वाजला, झालं." तो याच्यावर एक शब्द जास्त बोलणार नाही, म्हणून मग म्हटलं आपणच लिहून टाकू.

तर सिर्गाक. काराकोल गावच्या बाजारात आशल्यान-फूच्या, म्हणजे थंड आंबट शेवयांच्या, टपऱ्या संपतात तिथं त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, काचेचा खोका. आत तो बसला की गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं आणि खिडकीतून फोन सरकवायचा. हिवाळ्यात पायाशी छोटा हीटर, टेबलावर सोल्डरिंगची कांडी, काचेवर आतून वाफ. त्याला कुणी काही शिकवलं नाही. फोन उघडून उघडून शिकला. काही कायमचे बिघडवले, त्यातूनही शिकला.

कालिस त्याचा शाळेपासूनचा दोस्त, एका बाकावरचा. त्यांच्या वर्गातली पोरं एकेक करून पांगली. कुणी मॉस्कोला गोदामात, कुणी सोलला कारखान्यात, एक तर इस्तंबूलला केस कापतोय. उरले हे दोघं. सिर्गाक फोन दुरुस्त करतो आणि कालिस कोमुझ वाजवतो. कोमुझ म्हणजे तीन तारांचं, जर्दाळूच्या लाकडातून कोरलेलं, मांडीवर घेऊन वाजवायचं. कालिस आजोबांकडून शिकला. वाजवता वाजवता हात तारांवरून उचलतो, हवेत एक गिरकी घेतो, खांद्यावरून मागं नेतो आणि परत नेमका ठोक्यावर आणतो. बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो, याचा होत नाही.

पण कोमुझ मुळात घरातलं वाद्य. चूल, चहा, चार माणसं, एवढ्यात ते शोभतं. आजकालचे तोइ, म्हणजे लग्नाच्या मेजवान्या, मोठमोठ्या हॉलमध्ये होतात. शेकड्यांनी माणसं, रंगीत दिवे, तमादा, म्हणजे सूत्रसंचालक, माइक तोंडात घालून ओरडतोय, आणि स्पीकर एवढाले की टेबलावरच्या चहावर लाटा उठतात. तिथं कोमुझपुढे माइक धरला की माइक शिट्ट्या मारतो. माइक लांब धरला की काहीच ऐकू येत नाही.

झामिर बैकेनं एकदा कालिसला तोंडावरच सांगितलं. झामिरचा स्वतःचा बँड आहे, तो कीबोर्ड वाजवतो, या भागातले निम्मे तोइ त्याच्याकडे असतात. सगळी पोरं त्याला बैके म्हणतात, थोरल्या भावाला म्हणतात तसं.

"पोरा, वाजवतोस झकास," झामिर म्हणाला. "पण ते फक्त पहिल्या टेबलावरच्या सोयऱ्यांना कळतं. शेवटच्या टेबलावर नुसता तुझा हात हलताना दिसतो. त्यांना वाटतं पोरगा माशा वारतोय."

सगळे हसले. कालिसही हसला.

"मग काय करू, बैके?"

"विजेवर चालणारं काहीतरी आण. नोरूझचा सण झाला की मोसम सुरू होतो, मला एक तारवाला हवाच आहे. रिकाम्या हॉलमध्ये ये, वाजव, मी शेवटच्या टेबलावर बसतो. तिथं पोचलं तर ये माझ्याबरोबर."

आणि नाही पोचलं तर? ते झामिरनं सांगायची गरज नव्हती. कालिसचा मेहुणा नोवोसिबिर्स्कला गोदामात आहे. त्यानं खोलीतला एक पलंग कालिससाठी धरून ठेवला होता आणि दर आठवड्याला फोन करून विचारायचा, येतोस की दुसऱ्याला देऊ?

कालिस बाजारात आला, काचेच्या खोक्यावर टकटक केली आणि म्हणाला, "माझ्यासाठी गिटार बनव. विजेची. पण माझ्या हाताची."

"म्हणजे कशी?"

"कोमुझची मधली तार सगळ्यात बारीक असते ना, सगळ्यात चढी? माझा हात तिथंच जातो. गिटारीच्या तारा तशाच लाव. मधल्या दोन बारीक, मग दोन्ही बाजूंना जाड होत जाऊ देत."

"असं कुणी करत नाही."

"मी कुणी नाहीये," कालिस म्हणाला.

सिर्गाकनं एकदाही नाही म्हटलं नाही. मनात हिशेब सरळ होता. गिटार वाजली तर कालिस इथं. नाही वाजली तर नोवोसिबिर्स्क. मग एका बाकावरच्या दोघांतला एकच उरणार.

लाकूड कालिसच्या आईनं, बुरुल आपानं, दिलं. तिच्या माहेरी, तोसोरला, तलावाच्या काठी जर्दाळूची बाग आहे. तिथलं एक म्हातारं झाड वाळलं होतं. आपानं ते चुलीसाठी कापून ठेवलं होतं, त्यातले चांगले ओंडके तिनं स्वतः निवडून दिले.

"वाजलं नाही तर परत आणून दे," ती म्हणाली. "मला हिवाळा काढायचाय."

जर्दाळू कडक लाकूड. रंधा मारताना हात भरून येतात. एवढा रुंद तुकडा एकसंध मिळत नाही, म्हणून सिर्गाकनं तीन फळ्या जोडून अंग बनवलं. मान मिळाली एका स्वस्तातल्या चिनी गिटारीची. कुठल्याशा तोइमध्ये तिच्यावर एक काका बसले होते. गिटारीचं अंग फुटलं, मान वाचली. त्या गिटारीच्या खुंट्या त्यानं घेतल्या, आतले तीन पिकअप काढून ड्रॉवरमध्ये टाकले. तारा जिथून खाली येतात ती खाचांची पट्टी मेंढीच्या हाडातून कोरली. खाचा अर्थात कालिस म्हणाला तशा. कडेला रुंद, मधे अगदी केसाएवढ्या.

मार्चच्या सुरुवातीला गिटार उभी राहिली. उरले ते पिकअप.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी: पिकअप म्हणजे गिटारीचा कान. चुंबकाचे सहा छोटे खांब, एकेका तारेखाली एकेक, आणि त्यांच्याभोवती तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळलेली, केसापेक्षाही बारीक. वर पोलादी तार हलली की खाली वीज हलते. बस. एकाच गुंडाळीचा पिकअप असला तर तार जशी आहे तशी ऐकू येते, नखाचा टिकटिकाटसुद्धा. मात्र दिव्यांची भुणभुणही सोबत येते. दोन गुंडाळ्यांचा घेतला तर भुणभुण जाते, पण नखही जातं. कोमुझवाल्याचं नख गेलं तर उरतं काय? म्हणून एकाच गुंडाळीचे घ्यायचे, यावर दोघांचं एकमत होतं.

कुठले घ्यायचे, यावर मात्र नव्हतं.

आधी सिर्गाकनं सहज म्हणून ड्रॉवरमधला चिनी पिकअप तारांखाली धरला आणि चिमट्यांनी वायर जोडून छोट्या स्पीकरला लावला. कालिसनं दोन-चार ठोके वाजवले.

"बरं वाटतंय की," कालिस म्हणाला.

"अरे हा स्वस्तातला. प्लॅस्टिकच्या रिळावर गुंडाळलाय, आत लोखंडाचे खिळे आणि खाली एक चुंबकाची पट्टी चिकटवलीय. असल्या पिकअपला कुणी पिकअप म्हणत नाही."

"मी तर आत्ता ऐकला."

"तू थांब रे. मला बघू दे."

आणि तो बघत बसला. फोन दुरुस्त करता करता कानात इअरफोन. जगातल्या कुठल्या कुठल्या गावातली माणसं एकेक पिकअप वाजवून दाखवत होती. हा काचेसारखा, तो मधासारखा, तो जुन्या काळच्या रेडिओसारखा. गिऱ्हाईक खिडकीवर टकटक करायचं, याला ऐकू जायचं नाही. बाजूच्या टपरीतली बाई म्हणायची, "या पोराच्या कानात कुणीतरी राहायला आलंय."

शेवटी त्यानं ठरवलं. जुन्या पद्धतीचे घ्यायचे, खऱ्या चुंबकाच्या खांबांचे. सगळे त्यांचंच कौतुक करत होते. त्यात खांब एका उंचीचे नसतात, मधले दोन उंच, कडेचे ठेंगणे. पूर्वीच्या तारांना हिशेबात धरून तशी उंची ठरवलेली, असं सगळे सांगत होते. ते ऐकून सिर्गाकला वाटलं, बघा, किती विचार केलाय लोकांनी.

अल्माटीच्या दुकानदारानं ते बिश्केकला पाठवले आणि बिश्केकहून ते मिनीबसनं आले. ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढून डबी दिली. "काय आहे एवढं?" त्यानं विचारलं. "रस्ताभर मांडीवर ठेवायला सांगितलं मला. बाळ आहे की काय?"

"तसंच समज," सिर्गाक म्हणाला.

*

हॉल रिकामा होता. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, फरशी ओली, आत स्वयंपाकघरात तुर्सुन एजे, म्हणजे तुर्सुनताई, भांडी घासत होती. एजे त्या हॉलचा सगळा स्वयंपाक बघते. तिचा आवाज झामिरच्या स्पीकरपेक्षा मोठा आहे, असं झामिर स्वतःच म्हणतो.

झामिर शेवटच्या टेबलावर जाऊन बसला. खुर्ची उतरवली, समोर चहा घेतला, पाय लांब केले. "हं. कर सुरू."

कालिसनं आजोबांची एक जुनी धून काढली. घोडा आधी रमतगमत चालतो आणि मग उधळतो, असली. पहिला ठोका पडला. मधल्या दोन तारा किंचाळत होत्या. सुईसारख्या. आणि कडेच्या जाड तारा, ज्यांच्यावर घोड्याच्या टापा चालायच्या, त्या कुठंतरी शेजारच्या गल्लीत वाजत असल्यासारख्या. आवाज वाढवला तर किंचाळी वाढली. कमी केला तर टापा पार गायब.

स्वयंपाकघरातून आरोळी आली, "अरे कोण शिट्टी वाजवतंय? बहिरी करता का मला?"

झामिर उठून पुढं आला. रागावलेला नव्हता. ते जास्त वाईट होतं.

"पोचतंय," तो म्हणाला. "पण शिट्टीच पोचतेय. घोडा कुठाय?"

कालिसनं वायर काढून गुंडाळायला घेतली.

"पुढच्या शुक्रवारी पुन्हा हॉल रिकामा आहे," झामिर म्हणाला. "तेव्हा या. त्यानंतर मला माणूस ठरवावा लागेल."

बाहेर पडल्यावर कालिसनं गिटार खांद्याला लावली. चिनारांच्या रांगेखालून दोघं चालत राहिले. बर्फ वितळून रस्त्याच्या कडेच्या पाटातून पाणी धावत होतं. कोपऱ्यावर कालिस थांबला.

"एक विचारू?"

"विचार."

"तुला गिटार बनवायचीय, की मला बांधून ठेवायचंय?"

"गिटार बनवायचीय," सिर्गाक लगेच म्हणाला. फारच लगेच.

"बरं," कालिस म्हणाला आणि घराकडे वळला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सिर्गाक छोटा स्पीकर घेऊन कालिसच्या घरी गेला. बुरुल आपानं चहा ओतला, बोर्सोकची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, रास पुढं लोटली. गिटार मांडीवर आडवी घेऊन सिर्गाकनं स्क्रू ढिले-घट्ट करून पाहिले, पिकअप वर-खाली केले. काही फरक नाही. पिकअप खाली नेला की जाड तारा अजूनच मेल्या.

"लाकूड वाईट निघालं का?" आपानं विचारलं.

"नाही आपा. लाकूड चांगलंय."

"मग चांगलं लाकूड चुलीत घालायला मला वाईट वाटेल."

कालिस हसला. पहिल्यांदाच, कालपासून. भिंतीवरचं आजोबांचं कोमुझ काढून वाजवत बसला. सिर्गाक समोर बसून बघत होता. खरं तर ऐकत होता. लहानपणापासून हे वाजवणं त्यानं हजारदा ऐकलं असेल, पण काय ऐकायचं ते ठरवून कधी ऐकलं नव्हतं. कालिसचं बोट कडेच्या तारांवर जोरात पडत होतं आणि मधल्या तारेवर नुसतं लागून निघून जात होतं. जाड तारा घोडा चालवत होत्या. बारीक तार वरून नुसतं बोलत होती.

सिर्गाकनं गिटार उचलली, डोळ्यांसमोर आडवी धरली आणि तारांच्या खालून पिकअपकडं पाहिलं. खांब डोंगरासारखे दिसत होते. मधे शिखर, दोन्ही बाजूंना उतार.

आणि शिखराच्या बरोबर वर कालिसच्या बारीक, चढ्या तारा.

"हात तिच्या," तो म्हणाला.

"काय झालं?"

"उलटं झालंय. सगळं उलटं. या खांबांची उंची दुसऱ्यांच्या तारांसाठी आहे. जगात सगळीकडे बारीक तार एका कडेला असते. तुझी मधे आहे. जिथं चुंबक सगळ्यात जवळ, तिथं तुझी सगळ्यात तिखट तार. आणि जिथं टापा, तिथं चुंबक खोल खड्ड्यात."

"मी तर तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मधल्या बारीक."

"सांगितलं होतंस."

"हाडात खाचासुद्धा तूच कोरल्यास तशा."

"कोरल्या रे बाबा, कोरल्या. माझ्याच हातानं कोरल्या." सिर्गाकनं कपाळाला हात लावला. "त्या व्हिडिओंत कुणाच्याच तारा अशा नव्हत्या. मग मला कोण सांगणार?"

"मी," कालिस म्हणाला.

आपानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि सिर्गाकच्या कपात अजून चहा ओतला. तिला खांबांचं काही कळलं नव्हतं, पण कोण हरलं ते कळलं होतं.

उपाय सोपा वाटत होता. मधले खांब खाली ढकलायचे, झालं. सिर्गाकनं एक पिकअप काढला, टेबलाच्या कडेवर ठेवला आणि लाकडी दांड्यानं मधला खांब हळूच दाबला. घट्ट होता. जरा जोर लावला. खांब सरकला, थोडासा. तो खूश झाला. पुन्हा जोडला, वाजवला.

काही नाही. पिकअप मेला होता.

जुन्या पद्धतीच्या त्या पिकअपमध्ये तांब्याची तार थेट खांबांवरच गुंडाळलेली असते. खांब सरकला की आतली तार खेचली जाते, आणि ती तर केसापेक्षा बारीक. कुठंतरी आत, हजारो वेढ्यांमध्ये, तुटली. ती आता कधी सापडणार नव्हती.

सिर्गाक मेलेला पिकअप तळहातावर घेऊन बसला. मिनीबसच्या ड्रायव्हरच्या मांडीवर बसून आलेलं बाळ.

"गेला?" कालिसनं विचारलं.

"गेला."

"मग?"

सिर्गाक खाली बघून स्क्रू गोळा करू लागला. मग कालिसच म्हणाला, अगदी सहज, चहा मागावा तसं, "त्या ड्रॉवरमधल्याचे खिळे सरकतात का?"

सिर्गाकनं मान वर केली.

त्याच्याच तोंडचे शब्द होते ते. प्लॅस्टिकच्या रिळावर गुंडाळलेला, आत लोखंडाचे खिळे. म्हणजे तार प्लॅस्टिकवर. खिळे मोकळे. खिळे वर-खाली केले तरी तारेला धक्का नाही. ज्या गोष्टीला नाक मुरडलं होतं, तीच कामाची.

"सरकतात," तो म्हणाला. "सरकतात, लेका!"

"मग असा काय बसलास? ऊठ."

आपा म्हणाली, "चहा संपवून जा. त्या खिळ्यांना पाय फुटलेले नाहीत."

*

दोघं बाजारात आले. काचेच्या खोक्यात दोघं कसे मावले, देव जाणे. सिर्गाक आत, कालिस अर्धा आत, अर्धा बाहेर, गिटार दाराच्या फटीतून. ड्रॉवर उघडला. जुने स्क्रीन, चार्जरच्या पिना, एक वाळलेला बोर्सोक, आणि सगळ्यात तळाशी ते तीन पिकअप, धुळीत लोळत.

सिर्गाकनं ते पुसले. कांडी तापवली. पण या वेळी एक गोष्ट वेगळी केली. आधी काहीच पक्कं जोडलं नाही. चिमट्यांनी वायर लावल्या, छोटा स्पीकर खिडकीत ठेवला आणि म्हणाला, "वाजव."

"काय वाजवू?"

"घोडा."

कालिस वाजवायचा, सिर्गाक ऐकायचा. मधले दोन खिळे खाली ढकलले. वाजव. अजून खाली. वाजव. आता कडेचे वर. वाजव. कालिस मधेच म्हणायचा, "आता टापा जास्त झाल्या, घोडा लंगडतोय," आणि सिर्गाक एक खिळा किंचित परत दाबायचा. बाजूच्या टपरीतली बाई वाटी घेऊन आली आणि उभं राहून आशल्यान-फू खात ऐकत राहिली. एक म्हातारा फोन घ्यायला आला होता, तोही थांबला. "माझा फोन?" त्यानं विचारलं. "आत्ता नाही, आजोबा," सिर्गाक म्हणाला. "आत्ता घोडा चाललाय."

"मग बरोबर," म्हातारा म्हणाला आणि थांबून राहिला.

शेवटी सिर्गाकनं गिटार डोळ्यांसमोर आडवी धरली. आता डोंगर नव्हता, दरी होती. मधे खोल, कडांना चढ. असा पिकअप जगात कुणी विकत नसेल. कशाला विकेल?

भुणभुण मात्र होतीच. त्यावरची युक्ती सिर्गाकला त्या व्हिडिओंनीच शिकवली होती, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. मधल्या पिकअपच्या खालची चुंबकाची पट्टी काढून उलटी चिकटवायची आणि त्याच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. मग तो शेजारच्या पिकअपबरोबर वाजला की दोघांची भुणभुण एकमेकांना खाते आणि तार तेवढी उरते. खऱ्या खांबांच्या पिकअपमध्ये हे घरी करता आलं नसतं. या चिनी पिकअपमध्ये नुसत्या नखानं पट्टी सुटली.

मग सोल्डर केलं. पक्कं.

*

शुक्रवारी हॉलमध्ये संध्याकाळच्या तोइची तयारी चालली होती. टेबलांवर कापडं पडली होती, मधोमध सफरचंदांचे ढीग. तुर्सुन एजे आत कांदा चिरत होती. झामिर पुन्हा शेवटच्या टेबलावर. या वेळी त्यानं चहा घेतला नाही, हाताची घडी घातली.

सिर्गाक दाराशी उभा राहिला. बसायला जमेना.

कालिसनं सुरू केलं. आधी घोडा रमतगमत. जाड तारांच्या टापा फरशीवरून चालत शेवटच्या टेबलापर्यंत गेल्या, स्वच्छ, एकेक मोजता येईल अशा. मग मधल्या तारा वरून बोलू लागल्या, हळू, न ओरडता. नखाची टिकटिक ऐकू येत होती. आणि मग घोडा उधळला. कालिसचा हात तारांवरून सुटला, हवेत गिरकी घेऊन खांद्यावरून मागं गेला आणि परत आला, ठोक्यावर. तोइमध्ये हा हात सगळ्यांनी पाहिला होता. शेवटच्या टेबलानं आज तो ऐकला.

धून संपली. झामिरनं मान वळवून स्वयंपाकघराकडं आवाज दिला, "एजे! ऐकू आलं का?"

"आलं की," आतून तुर्सुन एजे म्हणाली. चाकू थांबला. "कोण आलंय? कोमुझ कोण वाजवतंय?"

झामिरनं हाताची घडी सोडली.

"आज रात्रीपासून," तो कालिसला म्हणाला. "काळा कोट आहे का? नसेल तर माझा घे. लांब होईल, पण बसून वाजवायचंय, कुणाला कळतंय." मग सिर्गाककडं वळून, "हे पिकअप कुठले म्हणायचे?"

"ड्रॉवरमधले," सिर्गाक म्हणाला.

"कुठल्या कंपनीचे विचारलं रे."

"बैके, त्यांच्यावर एक काका बसले होते. त्या कंपनीचे."

झामिर हसत हसत खुर्चीतून उठला.

*

कोट मिळाला, लांबच निघाला. तोइला अजून वेळ होता. दोघं हॉलमागच्या पायरीवर बसले. तुर्सुन एजेनं दाराच्या फटीतून गरम बोर्सोक दिले होते, कागदात गुंडाळून. समोर डोंगरांवर अजून बर्फ होतं, खाली गल्लीत मात्र चिखल.

कालिसनं फोन काढला आणि मेहुण्याला लावला. सिर्गाकसमोरच. "हो, बरा आहे. आपाही बरी. ऐका, तो पलंग दुसऱ्याला देऊन टाका... नाही, या वर्षी नाही... काय? हो, वाजवणार आहे. नाही, हसू नका." फोन ठेवला. "म्हणाला, शरदात परत जागा होईल, तेव्हा विचारीन."

"विचारेलच," सिर्गाक म्हणाला.

"विचारेल. मोसम ऑक्टोबरला संपतो. नंतर इथं काय आहे?"

सिर्गाक बोर्सोकचे तुकडे करत राहिला. न खाता.

"त्या दिवशी कोपऱ्यावर मी तुला विचारलं होतं," कालिस म्हणाला.

"आठवतंय."

"खोटं बोललास."

"हो," सिर्गाक म्हणाला. कान लाल झाले होते, थंडीनं असतील. "बांधूनच ठेवायचं होतं. गिटार बनवता येते का तेही बघायचं होतं, पण आधी ते."

कालिसनं त्याच्या हातातला कागद ओढून घेतला आणि उरलेला बोर्सोक तोंडात टाकला. "मग तसं सांगायचं ना, गाढवा. माझ्या आजोळचं एक अख्खं झाड तासलंस. तीन फळ्या जोडल्यास, अल्माटीहून सामान मागवलंस, ते मारून टाकलंस. आणि एवढं करून 'थांब' हा एक शब्द तोंडातून निघेना?"

"निघाला नाही."

"शरदात फोन येईल तेव्हा?"

आतून तमादाचा माइक तपासण्याचा आवाज आला, एक, दोन, एक, दोन. कुणीतरी दिवे लावले. भिंतीपलीकडं स्पीकर चालू झाले, आणि या वेळी भुणभुण नव्हती.

"तेव्हा आधी तुझ्याकडे येईन," सिर्गाक म्हणाला. "तोंडानं सांगीन. जाऊ नकोस म्हणून. मग तुला जायचं असलं तर जा, मी तुझी बॅग मिनीबसपर्यंत उचलीन. पण सांगीन आधी, हे नक्की."

"शब्द?"

"शब्द."